न घाबरणारा फौजी

कोयनानगरजवळच्या त्या वस्तीत भूकंपाचं कुणाला अप्रूप नाही. जमीन हलली की माणसं हातातलं काम टाकून अंगणात येतात, हादरा थांबला की पुन्हा चुलीपाशी.

त्या सकाळीही सगळे बाहेर आले. आला नाही फक्त कृष्णात.

सैन्यातून निवृत्त होऊन आला, तेव्हा तो पोरांना कबड्डी शिकवणारा गडी होता. मग हळूहळू मिटत गेला. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. झोप नाही, भूक नाही, दाढीचं भान नाही. "बसून आळस भरलाय, दुसरं काय!" असं आई हरणाबाई म्हणायच्या. बायकोला, राजेश्वरीलाही तसंच वाटायचं.

"बघा," शेजारचे नाथाजी हसत म्हणाले, "आमी समदी उंदरावानी पळालो, आन फौजी हातरुणात! भ्या म्हनून ठावं न्हाई गड्याला!"

सगळे हसले. राजेश्वरी आत गेली. कृष्णातच्या छातीवर फुटक्या कौलाचा तुकडा पडला होता. त्यानं तो झटकलाही नव्हता.

"आवं, उठा की! घर अंगावर आलं असतं!"

"येऊ दे की," तो म्हणाला. "सुटलो असतो."

राजेश्वरीच्या पायाखालची जमीन हलली ती आत्ता! ही बहादुरी नव्हती. या माणसाला जगायचंच नव्हतं!

तिनं त्याला त्याच दिवशी कराडला न्यायचं ठरवलं. हरणाबाई दारात आडव्या आल्या. "येड्याच्या डागदराकडं? लोक तोंडात शेण घालतील!"

"आत्या," राजेश्वरी सासूला म्हणाली, "लोकांचं मागनं बघू. ह्यास्नी आता एकटं सोडायचं न्हाई. तुमी बी चला."

कराडच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर सृष्टी यांनी कृष्णातला सरळच विचारलं, "मरून जावं असं वाटतं?"

"आवं बाई, असलं इचारू नका!" हरणाबाई कळवळल्या. "नसलेलं डोस्क्यात यायचं."

"विचारल्यानं येत नाही, आजी. असलेलं बाहेर पडतं."

आणि कृष्णात ढसाढसा रडला. "रोज वाटतंय. पर कुनी इचारलंच न्हाई."

हरणाबाईंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"उदासी सगळ्यांना येते नि जाते," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोन आठवडे झाले तरी ती हलत नाही, झोप, भूक, आवड सगळं नेते, तेव्हा तो आजार असतो. त्यात मरणाची भाषा आली की तो गंभीर. मग उद्यावर ढकलायचं नाही. तुम्ही आजच आलात, हे फार बरं केलंत. औषधाला काही आठवडे लागतील, पण हा माणूस बरा होईल."

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. घरातलं कुणी ना कुणी कायम त्याच्याजवळ असे. मध्येच एकदा "काय उपेग न्हाई" म्हणत त्यानं गोळी बाजूला सारली, तर हरणाबाईच पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसल्या. "घे म्हनते न्हवं!"

उन्हाळ्यात पुन्हा जमीन हलली. राजेश्वरी अंगणात धावली आणि पाहतच राहिली. सगळ्यांच्या पुढे कृष्णात! पाठीवर आई, तोंडात अर्धी भाकरी!

"खाली ठेव रं मुडद्या!" हरणाबाई ओरडत होत्या.

"काय रं फौजी," नाथाजी म्हणाले, "भ्यालास व्हय?"

"व्हय! लय भ्यालो!" भाकरी हातात घेत कृष्णात खदखदून हसला.

हरणाबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "भी माझ्या लेकरा, असाच भी!"

वाचकहो, ज्याला जगावंसं वाटतं, तोच पळतो. आपल्या घरातलं कुणी असं गप्प झालं, तर त्याला आळशी म्हणू नका, धीराचा म्हणूनही मोकळे होऊ नका. जवळ बसा, विचारा, डॉक्टरकडे न्या. जमिनीचा हादरा साऱ्या गावाला कळतो. मनाचा मात्र विचारल्याशिवाय कळत नाही!