व्यंगचित्राला घातलेला हार

हे कुणाला खरं वाटणार नाही, पैज लावतो. प्रीताला तर नाहीच, आणि ती त्या खोलीत होती.

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात पीएचडी करणारा सत्यजित त्या शनिवारी सकाळपासून घामाघूम. प्रीताचे आईवडील त्याला बघायला दूरच्या कॅरी गावाहून गाडी हाकत येत होते. तिच्या आईने, प्रतिमाकाकूंनी, फोनवर आधीच बजावलं होतं, "मुलगा पसंत पडला तर तिथल्या तिथे पेढा हातावर ठेवीन. नाही तर डबा परत."

पोहे झाले, खरकटी भांडी कपाटात कोंबली, आणि मग त्याची नजर भिंतीवर गेली. प्रीताने वाढदिवसाला दिलेली फ्रेम. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं छापील व्यंगचित्र. मेजवानीत नाचता नाचता एक गलेलठ्ठ साहेब घसरलाय, तोंड पार कानांपर्यंत सूपच्या भांड्यात, विजार मागून टर्रकन फाटलेली, आणि भोवतीच्या बायका रुमालात तोंड लपवून हसतायत. काढावी तर प्रीता रुसणार. ठेवावी तर होणाऱ्या सासूबाईंना आल्या आल्या साहेबाचं ते दर्शन.

तेवढ्यात बेल वाजली. दिवाळीतला प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार हाताशी सापडला, तो त्याने फ्रेमवर चढवला. साहेब फुलांआड गेला.

प्रतिमाकाकू हसतच आत आल्या. चष्मा गाडीत राहिलेला. त्यांना दिसला हार घातलेला फोटो आणि रुमालात तोंड खुपसलेल्या बायका. हसू मावळलं. त्यांनी ओढणी सावरली. मागून प्रीताचे वडील अनिलराव आले (असा देखणा, समंजस माणूस अख्ख्या कॅरीत नाही), त्यांनी भिंतीकडे बघून हात जोडले. प्रीता आपली "सो प्रिटी, फ्लॉवर्स!" म्हणून मोकळी.

"चहा टाकू, काकू?"

"नको रे बाळा."

"मग पोहे तरी."

"आत्ता या घरात घास कसा उतरेल?"

सत्यजितने पोह्यांचा वास घेतला. वास तर बरा होता. तोवर काकूंनी पेढ्यांचा डबा पर्समध्ये सरकवला, चेन ओढली.

"काकू, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? यात कुणाचा इलाज चालतो? सुतक फिटू दे, मग बघू पुढचं."

सुतक? कुणाचं? आपल्याआधी यांना कळलं की काय? त्याने नागपूरला फोन लावला. "आई, घरी सगळे जिवंत आहेत ना?"

"झोपेतून उठवून हे विचारतोस? जेवलास का आधी?"

फोन स्पीकरवर होता. आता काकू गोंधळल्या. "सगळे आहेत? मग हा कोण गेला?" म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

सत्यजितने हार काढला. काकू फ्रेमला नाक टेकेपर्यंत जवळ गेल्या. मग खांदे हलायला लागले, पर्सची चेन उघडली, आणि पेढा हातावर नाही, थेट त्याच्या तोंडात गेला.

"नक्की तुझ्या घराण्यातला नाही ना?"

"नाही, काकू."

अनिलराव मात्र चित्र निरखत होते. शेवटी म्हणाले, "काही म्हणा, साहेबाचं नाक डिट्टो जावईबापूंचं आहे."

"बाबा, वेट," प्रीता म्हणाली. "त्याचं तोंड कानांपर्यंत सूपमध्ये, असं तूच आत्ता सांगितलंस ना? मग तुला नाक कुठून दिसलं?"