तांदळाची साक्ष

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, अल्लीपूरच्या वासुदेवरावांच्या घरी मी कणीक मळायला आले आणि कौतुकाची झाले. मला चिंचेने घासून रोज लखलखीत ठेवायची ती मोलकरीण जयवंता. तिचा बाप तानबा चोरीपायी तुरुंगात गेला होता. पण या घरात सहा वर्षांत तिने साखरेचा दाणाही न विचारता उचलला नव्हता.

१९५३च्या उन्हाळ्यात मालकीणबाईंचा, आनंदाबाईंचा, चांदीचा तोडा दिसेनासा झाला. चोर शोधायला रूपराव भगत आला. त्याने तांदूळ मंतरले, चारही गडीमाणसांना चघळायला दिले आणि माझ्यात थुंकायला सांगितले. ज्याचे तांदूळ कोरडे, तो चोर! तिघांनी आरामात चघळून लगदा केला. जयवंताकडे मात्र सगळे आधीपासूनच टक लावून पाहत होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्यात पडले ते खडखडीत दाणे.

"मी नाई घेतला जी. मले भेव वाटून राह्यलं," ती रडत म्हणाली.

"चोरी नाई केली तं भेव काऊन?" वासुदेवराव गरजले. "बापाचंच रक्त हाय!"

भीतीने कुणाचंही तोंड कोरडं पडतं, हे मला पितळेला कळत होतं. त्या शहाण्यांना कळेना. तिला त्याच दिवशी हाकललं. मीही उष्टी झाले म्हणून अंगणात, गुरांच्या पाण्याला गेले.

पंधरा दिवसांनी अंगणात गाद्या वाळत घालताना तोडा उशीच्या खोळीतून निघाला.

"मीच ठेवला वाट्टे," आनंदाबाई पुटपुटल्या. "जयवंताले बलवाचं का?"

"राहू दे. लोकं हासतीन," वासुदेवराव म्हणाले.

झालं! गावाच्या लेखी ती चोरच राहिली. तिला कुणी शेतात तण काढायला, निंदणालाही बोलावलं नाही. पुढच्या वर्षी हिंगणघाटच्या बाजारात ज्वारी चोरताना ती खरोखर पकडली गेली.

"म्हणलं नोतं मी?" वासुदेवरावांनी मिशीवर हात फिरवला. आनंदाबाई हातात तोच तोडा घालून शेजारी उभ्या होत्या. मला त्या दोघांची किळस आली.

मित्रांनो, मला घासा, मला जपा, असं मी सांगणार नाही. माणूस चोर म्हणून जन्मतो की नाही, मला ठाऊक नाही; एक मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडवला गेला. तुमच्या घरी हरवलेलं कधी सापडलं, तर ज्याच्यावर आळ घेतलात त्याच्या दारी त्याच दिवशी जा. लोक हसले तर हसू द्या.