एकही जोडी न सोडणारा

"बाहेरच्या यादीतला एक धरा. त्याच्यासाठी आतली यादी पूर्ण फिरवा, मगच बाहेरचा दुसरा घ्या. आणि नको असलेली जोडी तिथंच अडवा."

प्रांजल मॅडमनी लूपमधलं लूप शिकवलं, तेव्हा कोमल आणि केतन एकाच बाकावर होते. शेवटचं वाक्य येईपर्यंत केतनने मोबाइल काढलाही होता. त्याला आलं होतं सगळं. त्याला नेहमी सगळं अर्ध्यावरच येतं.

आता पनवेलात त्याची डब्यांची सेवा होती. कार्डावर 'संस्थापक' छापलेलं. स्वयंपाकघर मात्र कोमलच्या गळ्यात. एका दुपारी केतनसाहेबांनी प्रोग्राम लिहिला. बाहेरच्या यादीत मुख्य पदार्थ, आतल्या यादीत तोंडीलावणी. रोज प्रत्येकाला नवी जोडी.

"उपासाचे पदार्थ वेगळे ठेव," कोमल म्हणाली. "साबुदाण्याच्या खिचडीशेजारी सुकटीची, सुक्या मासळीची चटणी येईल."

"अगं काकूबाई, कॉम्प्युटरला चतुर्थी कळते का?"

"त्याला नको कळायला. तुला कळते ना?"

यावर तो खुर्चीत गोल फिरला. एवढं मात्र त्याला छान जमायचं.

संकष्टीच्या सकाळी कोमल बाजारात होती. लेबलवर येईल ते भरायचं, डोकं चालवायचं नाही, हा डबे भरणाऱ्या पोरांना केतनचाच नियम. ती परतली तेव्हा फोन वाजत होता. पळस्प्याच्या भामाकाकी, रोजच्या डब्यावाल्या.

"बाय, डब्यान सुकट हाय गो. सकालपासून पोटान काय नाय. आता सोडतंय मी ही चतुर्थी. नाय जमत."

काकींचा मुलगा जहाजावर गेला तेव्हापासूनची ती चतुर्थी. गुडघे गेले, चुलीशी उभं राहवेना, तेव्हाच त्या ती सोडणार होत्या. कोमलने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "उपास तुम्ही धरा काकी, फराळ माझ्याकडे."

"सोडू नका," कोमल हळूच म्हणाली. "थोडं थांबा."

केतन स्क्रीनकडे कौतुकाने बघत होता. "कोडमध्ये चूक नाहीये. एकही जोडी सुटलेली नाही, बघ!"

"तीच तर चूक आहे."

"चटणी बाजूला काढून खा म्हणावं. कप्पा वेगळा असतो ना."

ज्याच्या आईने जन्मभर चतुर्थ्या केल्या, तो हे बोलत होता. कोमलला राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

तिने हातपाय धुतले. वरीचे तांदूळ शिजत घातले, दाण्याची आमटी केली, घरून स्वतःसाठी आणलेला स्टीलचा डबा रिकामा करून, घासून त्यात दोन्ही भरलं.

"एका डब्यासाठी पळस्प्याला? पेट्रोल तरी परवडेल का?" केतन म्हणाला.

तिने डबा ओढणीत घट्ट बांधला, स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि किल्ली फिरवली.