पाठीचा साचा

कुशनवाल्याने शेवटचा टाका उसवला, सीटचं आवरण सोलून बाजूला ठेवलं आणि आतला फोम दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला.

सीट रेसच्या गाडीची होती आणि गाडी दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्याकडे एकाच घराण्यातल्या दोन गाड्या होत्या. एक रस्त्यावर मिरवायची, महागडी. दुसरी तिचीच रेसमधली सख्खी बहीण, सत्तावीस वर्षं गोदामात धूळ खात पडलेली, गेल्याच महिन्यात लिलावात घेतलेली. रेसच्या गाडीत वजन वाचवायला दाराला हँडलऐवजी नुसता कापडी पट्टा लावलेला होता. महागड्या गाडीत तोच पट्टा लाल चामड्याचा, दुहेरी शिलाईचा, निव्वळ दिमाखासाठी. आता डॉक्टरांना तिच्यात सीटही रेसचीच हवी होती. कवच जुनं, वरून मऊ चामडं.

"आतला फोम टाकून द्या," कामाला हात घालण्याआधीच ते म्हणाले होते. "दुसऱ्या कुणाच्या पाठीचा आहे तो."

खरंच होतं ते. रेसच्या चालकाला सीटमध्ये बसवतात, पाठीमागे पिशवीत पातळ फोम ओततात. तो फुगतो, घट्ट होतो आणि त्या एकाच माणसाच्या पाठीचा साचा होऊन बसतो. कुशनवाल्याने सवयीने त्यावरून तळहात फिरवला, कमरेपासून वर. डाव्या खांद्यापाशी हात अडला. तिथे बोटभर खोल खळगा होता. उजवीकडे तसा नव्हता.

त्याने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा हात फिरवला. बारीक कंबर. किंचित डावीकडे झुकलेला कणा. आणि तो खळगा, बाहेर आलेल्या हाडाने पाडलेला.

ते हाड त्याच्या ओळखीचं होतं. हवा गार झाली की ते दुखायचं, आणि पंचवीस वर्षं तोच त्याला मलम चोळत होता. लहानपणी जिन्यावरून पडले होते, असं बायकोने लग्नाआधीच सांगितलं होतं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. गाडीत कायम मागे बसायची, पिशवी पोटाशी धरून. दोनदा त्याने फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तरी ती अवाक्षर बोलली नव्हती. "तुला काय कळतंय गाड्यांतलं," असं तो तिला ऊठसूट म्हणायचा आणि ती "नाही बाई" म्हणायची.

काहीतरीच काय, असं स्वतःशी म्हणत त्याने फोम टेबलावर ठेवला. हात मात्र पँटला पुसले, कशाला ते त्यालाच कळलं नाही.

"कोण चालवायचं हो ही?" त्याने विचारलं.

डॉक्टर स्टुलावर बसून मजेत सगळं पाहत होते. "फारशी धावलीच नाही बिचारी. सराव चालू होता. परत येताना ब्रेक गेले आणि गाडी थेट दुरुस्तीच्या जागेत घुसली. टायर बदलणारा एक जण गेला त्यात. नवाच होता म्हणे, तीन आठवडेही झाले नव्हते."

कुशनवाल्याच्या हातातली कात्री टेबलावर टेकली.

"कागदावर चालक म्हणून भलत्याच कुणाचं नाव आहे," डॉक्टर सांगत राहिले. "पण विकणारा म्हणाला, त्या महिन्यात बदली म्हणून एक मुलगी चालवत होती, सीटही तिच्याच मापाची केलेली. तिने नंतर गाडी सोडली ती सोडलीच. काय हो, बरं वाटत नाहीये का?"

"उकडतंय जरा," तो म्हणाला. "हा फोम मी नेऊ का?"

"न्या की. कचराच तो."

टायर बदलणारा तो माणूस म्हणजे त्याचा दादा होता. नोकरी लागून तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. कंपनीकडून चार ओळींचं पत्र आलं, त्यात यंत्रातला बिघाड एवढंच होतं. गाडी कोण चालवत होतं ते विचारू या, असं तो वडिलांना म्हणाला, तेव्हा त्यांनी हात वर केला. "नको. नाव कळलं की जन्मभर त्या नावाशी भांडत बसू." त्यानंतर दोनच महिन्यांनी दुकानात एक मुलगी आली होती, बॅगेची चेन दुरुस्त करायला. चेन धडधाकट होती. तो तिला तसं म्हणालाही होता.

शनिवार असल्यामुळे शाळा अर्धाच दिवस होती. तो दुपारी घरी पोचला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी बसून ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवत होती. त्याने पोत्यातून फोम काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

तिने डिंकाचं बोट फडक्याला पुसलं आणि मग तो हात तसाच मांडीवर ठेवून दिला.

"ब्रेक लागले नाहीत," ती म्हणाली. "तीनदा दाबले."

"तुला माहीत होतं, मी कोण ते."

"म्हणून तर आले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगायलाच आले होते. तुझे बाबा म्हणाले, बस बाळ, उभी का? मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. मग होतच गेला."

"सत्तावीस वर्षं?"

तिने मान हलवली.

तो दाराकडे गेला. चपला घातल्या, कडी काढली. जिन्यात शेजारीण कुणाशी तरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होती. ते ऐकत तो तसाच उभा राहिला. आईवडील गेले ते काहीच न कळता गेले. शेवटच्या दिवशी दादा कसा होता, हे घरात कधीच कुणाला ठाऊक झालं नव्हतं. विचारायला कुणी नव्हतंच.

"त्या दिवशी," तिच्याकडे पाठ ठेवूनच त्याने विचारलं, "दादा काही बोलला होता?"

तिने डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं.

"सीटचे माझे पट्टे त्यानेच आवळले. त्याचं काम नव्हतं ते, पण पट्टे बांधणारा चहा घ्यायला गेला होता. शिलाई बघून म्हणाला, ही काय शिलाई झाली? माझा धाकटा भाऊ याहून बरी करतो."

कुशनवाल्याने कडी लावली. आत येऊन समोरची खुर्ची ओढली, पुस्तकं हाताने बाजूला सारली आणि चपला न काढताच बसला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "सकाळी आला तेव्हा काय घातलं होतं त्याने?"