लाल टोपीचा थांबा

एकाहत्तर वर्षांच्या डेल्मर श्रागला त्या शनिवारी नाश्त्यालाच ताकीद मिळाली.

"आज एकदा जरी गवतावर बसलास," आर्डिथ अंड्यांवर मिरपूड घालत नवऱ्याला म्हणाली, "तर पुढच्या शनिवारपासून काठी चर्चच्या पास्टरांकडे. ते कधीचे टपून बसलेत."

काठी म्हणजे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेची. दोन नारिंगी काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी. चेंडू हाती असलेल्या संघाने चार डावांत तेवढी मजल मारली, की साखळी उचलून पुढे पळायचं. एकतीस वर्षं एक टोक डेल्मरचं, दुसरं त्याचा मेव्हणा लोवेलचं.

"निदान प्रार्थनेत माझ्या गुडघ्यांचं नाव घे," डेल्मर म्हणाला.

आर्डिथ रोज पहाटे पाचला प्रार्थनेला बसे, कधी खंड नाही. पण फुटबॉलसाठी देवाला साकडं घालायचं नाही, हाही तिचा नेम. "त्याला तेवढंच काम आहे का?" ती म्हणाली.

कधी नव्हे ते टीव्हीवाले मैदानावर आले होते. लाल टोपीतली, कानाला यंत्र लावलेली ब्रिन नावाची मुलगी रेषेशी उभी होती. डावांत खंड पडला की ती आत जाणार, मग तीन मिनिटं खेळ थांबणार आणि जाहिराती लागणार.

"साबण विकायला खेळ थांबवायचा?" डेल्मरने तिला सुनावलं. "आमच्या काळी असली थेरं नव्हती, पोरी."

"माझ्यावर नका ना चिडू, आजोबा. कानात सांगतात, मी चालत जाते."

पहिल्या सत्रात टोपी दोनदा आत गेली आणि दोन्ही वेळा डेल्मरने नाक मुरडलं. मग पाहुण्या संघाला सूर सापडला. हा संघ दोन डावांच्या मध्ये घोळका करून मसलत वगैरे करत नसे. उठायचे की लगेच पुढचा डाव. साखळी ठेवतोय तोच उचलायची वेळ. कॅन्ससचं सप्टेंबरचं ऊन वर तापलेलं. मध्यंतरापर्यंत डेल्मरच्या पोटऱ्यांचा दगड झाला.

"म्हातारा झालास," लोवेल धापा टाकत म्हणाला.

"आधी स्वतःच्या तोंडाचा फेस पूस."

तिसऱ्या सत्रात गावच्या बचावफळीतला दीडशे किलोंचा मॅडॉक्स गुडघ्यांवर हात टेकत रेषेशी आला. त्याच्या जागी दुसरा गडी धाडायलाही पाहुणे उसंत देत नव्हते.

"मिस्टर श्राग, तुम्ही पडा ना. खेळ थांबेल, आम्हाला जरा श्वास घेता येईल."

"तूच पड की!"

"मघाशी पडलो होतो, पोटरी धरून. परत पडलो तर आमची आईच वरून नाटकी म्हणून ओरडेल. तुमच्या वयाला शोभून दिसेल."

डेल्मरचे गुडघे तर तयारच होते. त्याने वर प्रेक्षकांत पाहिलं. आर्डिथ डोळे मिटून बसली होती. शेजारी पास्टर मात्र उभे राहून नेमके त्याच्याकडेच बघत होते.

पुन्हा डाव, पुन्हा साखळी. डेल्मर पळाला, अडखळला, एक गुडघा वाकला. गवत वीतभर उरलं असेल, तोच शिटी झाली. पाहुण्यांनी शेवटची रेषा ओलांडून गुण कमावले होते. सारं गाव हळहळलं. आणि लाल टोपी मैदानात शिरली.

मॅडॉक्स आणि मंडळी पाण्यावर तुटून पडली. डेल्मर काठीला मिठी मारून उभा राहिला.

"साबणानंतर काय आहे गं?" श्वास परतल्यावर त्याने ब्रिनला विचारलं.

"ट्रॅक्टर. मग विमा."

"विम्याची जरा लांबलचक असू दे, बाळा."

पुढे थांबे येतच राहिले. चौथ्या सत्रात तर चार आले; प्रत्येक वेळी डेल्मर टोपीला हात जोडायचा तेवढा बाकी होता. शेवटची शिटी झाली तेव्हा गावचा संघ तेवीस गुणांनी हरला होता आणि डेल्मर उभा होता.

आर्डिथ खाली आली. "बसला नाहीस."

"तुला काय दिसलं? डोळे मिटून डुलक्या काढत होतीस."

"प्रार्थना करत होते."

"फुटबॉलसाठी? तू?"

आर्डिथ रुमालाच्या घड्या घालू लागली. "फुटबॉलसाठी नाही," ती हळूच म्हणाली. "जाहिरातींसाठी."

लोवेल हसता हसता गवतावर आडवाच झाला.

"मग आता बसू का मी?" डेल्मरने विचारलं.

"शिटी झाली ना? बस."

तो टेकला. आणि वरून पास्टरांना नीट दिसेल अशा बेताने, काठी मांडीवर घेऊन, तीही त्याच्याजवळ बसली.