न गोठलेली जेली

“थांबा हो, अजून हात लावू नका,” सेत्सुयो म्हणाली, आणि स्वतःच ट्रेवर इतकी वाकली की शेजारी उभ्या मोरीवाकी सरांना काही दिसेना.

निळ्या रंगातून काढलेला जिलेटिनचा पातळ काप पाण्यात हळूहळू उजळत होता. जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं असेल, तिथे निळा रंग टिकत नाही, पांढरा पट्टा उमटतो. निरोगी बायकांच्या वारेचे, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाचे, पट्टे ठसठशीत आले. ज्यांचा रक्तदाब पुढे चढला, त्यांच्या वारेच्या, तिसऱ्या महिन्यात तपासणीसाठी घेतलेल्या कणासमोर मात्र जेमतेम पुसट रेघ. प्रयोग तिसऱ्यांदा केला होता आणि तिसऱ्यांदा तेच आलं होतं. कानाझावाच्या त्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेल्या सेत्सुयोने चक्क टाळ्या वाजवल्या. सरांनीही मग कुणी बघत नाही असं पाहून एक वाजवली.

वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतली प्रथिनं कापत आत शिरतात आणि आईच्या रक्ताला वाट मोकळी करून देतात. कात्री बोथट निघाली तर बाळ उपाशी राहतं, आईचा रक्तदाब चढतो. सेत्सुयोची मुलगी अशीच सातव्या महिन्यात पोटातच गेली. तेव्हा सासूबाई, कानाएबाई, एकदाच बोलल्या होत्या, दिवसभर त्या प्रयोगशाळेत उभी राहतेस, दुसरं काय होणार. पुन्हा विषय निघाला नाही. पण ते वाक्य घरात ठाण मांडून बसलं. सासरे गेले, नवरा गेला, वाक्य काही गेलं नाही. आज त्याला बाहेर काढायचंच, असं सेत्सुयोने ठरवून टाकलं.

तिने लगेच घरी सासूबाईंना फोन लावला. दोन वाट्या जेली करा, एक साधी, एक ताज्या किवीची, आल्यावर गंमत दाखवते. बसमध्ये तिला बसवेना. शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगून टाकावं असं वाटत होतं.

घरी येऊन बघते तर दोन्ही वाट्या दगडासारख्या घट्ट.

“छान गोठलीये की. गंमत काय त्यात?” कानाएबाई म्हणाल्या.

“आई, कशाची केलीत?”

“कशाची म्हणजे? कांतेनची.”

सेत्सुयोने कपाळावर हात मारला. कांतेन शेवाळापासून होतं, त्यात किवीने कापायला जिलेटिनसारखं प्रथिन कुठलं? पण या घरात नव्या वर्षाच्या अंड्याच्या वड्यांपासून सगळं कांतेनातच गोठवलं जायचं. जिलेटिन ही सासूबाईंच्या मते हॉस्पिटलात खाण्याची गोष्ट होती. सेत्सुयो तशीच चपला अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात जिलेटिन आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधी वाटी थरथरत उभी होती आणि किवीच्या वाटीत नुसतं हिरवट पाणी. सेत्सुयो उत्साहाने सांगत सुटली. किवीत कापणारं एन्झाइम असतं, वारेतही तसलंच असतं, आपल्या वेळी ते कमी पडलं असणार, तेही तिसऱ्या महिन्यातच. उभं राहण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कानाएबाई बराच वेळ वाटी कलती करून बघत राहिल्या.

“त्या कापणाऱ्या पेशी कुणाच्या गं? तुझ्या?”

“नाही. बाळाच्या.”

“म्हणजे ती पोर आत यायला धडपडत होती.”

इतकी वर्षं सेत्सुयोने वारेतल्या त्या पेशींना नुसत्या पेशीच म्हटलं होतं. “हो, आई,” ती म्हणाली.

“आणि मी तुझ्या पायांना बोल लावत बसले.”

सेत्सुयोची बस दारावरून निघून गेली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. कानाएबाईंनी ते हिरवं पाणी दोन पेल्यांत सारखं ओतलं, एक सुनेपुढे सरकवला, आणि दोघींनी ते सावकाश पिऊन टाकलं.