दाट लव
मालकांनी फरचं एक कातडं मामांपुढे ठेवलं आणि म्हणाले, "मामा, जरा फुंका बघू."

परत आलेला अख्खा गठ्ठा शेजारीच पडला होता. व्यापाऱ्याने भांडण केलं नव्हतं, नुसता माल परत पाठवला होता. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

कारखान्यात सगळे त्यांना फुंकेमामा म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी त्या टेबलाशी फुंकण्यात घालवलं होतं. फरची किंमत वरच्या चकचकीत केसांवर ठरते असं गिऱ्हाइकाला वाटतं, वाटो बापडं. खरी किंमत खालच्या मऊ लवेची. ऐन थंडीत मारलेल्या जनावराची लव दाट असते, तेच जनावर थंडीआधी मारलं तर विरळ. वरून बघाल तर दोन्ही कातडी सख्ख्या बहिणी. फुंकर मारली की केस दुभंगतात. तळाचं कातडं दिसलं तर माल हलका, नुसती लवच दिसली तर भारी. एवढंच ते शास्त्र, पण त्याला छातीचा भाता लागतो. मामांचा भाता दोन हिवाळे कुरकुरत होता. इतकी वर्षं उडालेले बारीक केस जाणार कुठे, छातीतच की.

मामांनी फुंकलं. केस जरासे हलले आणि पुन्हा बसले. तळ काही दिसला नाही. गेले कित्येक दिवस त्यांना कुठल्याच कातड्याचा तळ दिसत नव्हता, आणि ते सगळ्यांनाच दाट समजून भारी मालात टाकत होते. यंदा माल फार सुरेख आलाय, असं मालकही खुशीत म्हणाले होते.

शिलाईच्या टेबलावरून त्यांची सून उठून आली. तिच्या सुईखाली अशी विरळ कातडी आली होती, तिला केव्हाच कळलं होतं. पण सासऱ्याला कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प बसली होती. तिने कातडं उचललं आणि फुंकलं. तळ लख्ख उघडा पडला.

मामांना लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ते म्हणाले, "व्यापाऱ्याची चूक नाही, मालक. माझी फुंकर पोचत नाही आता."

मालक मनाने वाईट नव्हते. सुनेला शिकवा, ती तयार झाली की घरी आराम करा, असं त्यांनी सांगितलं. आराम हा शब्द त्यांनी फारच गोड उच्चारला.

शिकवायला किती दिवस लावायचे हे मामांच्याच हातात होतं. घरी बसून भिंती मोजायच्या ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती. हातचं राखून शिकवायचं त्यांनी ठरवलंही. पण सून गाल फुगवून फुंकायला लागली आणि त्यांना राहवेना.

"इतकं जोरात नको गं. झोपलेल्या पोराच्या कपाळावरचे केस बाजूला करतेस ना, तेवढंच."

ती फुंकत गेली, मामा बघून सांगत गेले. काही दिवसांनी एका दुपारी तिने एक कातडं फुंकलं आणि मामांनी मान वळवायच्या आत ते ना हलक्या ना भारी अशा मधल्या ढिगावर टाकलं. मग दचकून तिने विचारलं, "चुकलं का, बाबा?"

मामांनी ते उचललं. लवेतून बोटं फिरवली. चुकलं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे."

आणि तिच्या कोपराला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपलं स्टूल थोडं मागे ओढलं.